अळी नको, फुलपाखरू मात्र हवं

‘ज्यांना जंगल हवं असेल त्यांनी जंगलात जाऊन राहावं.’ गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये हल्ली हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाफ्यातला पाचोळा उचलू नका, वठलेल्या फांदीवर लगेच करवत चालवू नका, दर महिन्याची फवारणी थांबवून बघा, असं कोणी सुचवलं की ते फेकलं जातं आणि वर टाळ्याही मिळतात. वाक्य चटकदार आहे, पण लबाड आहे. जंगल कोणी मागितलेलंच नसतं. पार्किंग आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जी चार हात माती उरली आहे, तिच्यात माणसाखेरीज आणखी कोणाला तरी जगता यावं, एवढीच मागणी असते. तिला सरळ ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून जंगल मध्ये आणायचं.

जीभ रेटत नाही याचं कारणही आहे. ही मंडळी निसर्गाची वैरी नसतात. २० मार्चला चिमणी दिनाचे फोटो तीच पाठवतात, लाकडी घरटी विकत आणून खिडकीबाहेर तीच टांगतात. त्यांना पक्षी हवे असतात, आणि नातवंडांना दाखवायला फुलपाखरं तर हवीच हवीत. नको असतात त्या अळ्या, कोळी, मुंग्या, तण आणि वाळकी पानं. आता चिमणी स्वतः दाणे टिपून जगते हे खरं, पण पिल्लांच्या चोचीत ती किडे आणि अळ्या भरवते. शिंपी, बुलबुल, दयाळ, शिंजीर या सगळ्यांच्या घरची हीच रीत. पंधरवड्याला कीटकनाशक फवारायचं आणि वर घरटं टांगायचं, हे शिधा मिळत नाही अशा गावात धर्मशाळा बांधण्यासारखं आहे.

तरी विरोधकांच्या भात्यातला एक बाण खरोखरच टोकदार आहे, तो म्हणजे साप. तो हसण्यावारी नेणाऱ्या निसर्गप्रेमींचा मला विरोधकांपेक्षा जास्त राग येतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी माणसं. शहरातल्या सोसायटीचा धोका त्या मानाने फार कमी असला, तरी शून्य नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही महाराष्ट्रात आहेत, आणि टेकडीलगतच्या किंवा शेतजमिनीवर नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतींत त्यांतले काही अधूनमधून दिसतातही. आईवडिलांना भीती वाटते ती काही वेडगळ नाही.

पण साप येतो कशासाठी? पाचोळा त्याचं खाणं नाही. तो येतो उंदीर, घुशी, बेडूक आणि पालींच्या मागावर. उंदीर-घुशी कशावर पोसतात ते पाहायचं असेल तर रात्री दहानंतर सोसायटीच्या कचऱ्याच्या खोलीपाशी जाऊन उभं राहावं. झाकण नसलेले डबे, पिशवीतून ओघळलेला भात, शेजारी कोणीतरी पुण्य लाभावं म्हणून कबुतरांसाठी ओतलेली ज्वारी. ही पंगत आपणच मांडायची आणि मागून आलेल्या सापाचं खापर जांभळाखालच्या पानांवर फोडायचं! बिल्डरने मागे टाकून दिलेला विटा-फरश्यांचा राडारोडा वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. त्याच्या फटींत साप पाचोळ्यापेक्षा कितीतरी निवांत राहतो. त्याविषयी सभेत चकार शब्द निघत नाही, कारण तो उचलायला पैसे पडतात. पाचोळा झाडून न्यायला पैसे पडत नाहीत, म्हणजे पगारी माणूस आधीच ठेवलेला असतो.

पाचोळ्यात साप दडू शकतो, हे मान्य. म्हणून तो दारालगत, पायवाटेवर, मुलांच्या घसरगुंडीखाली ठेवू नये; भिंतीपासून दोन-तीन हात जागा मोकळी राखून झाडांच्या आळ्यांत आणि कुंपणालगतच्या वाफ्यांतच ठेवावा. सांडपाण्याच्या जाळ्या धड असाव्यात, दाराखालची फट बुजवावी, रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायांत बूट असावेत. साप दिसलाच तर सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. चावलाच तर बाकी काहीही न करता थेट इस्पितळ गाठावं, प्रतिविष तिथेच मिळतं. एवढं केलं की उरलेल्या भीतीला काठी घेऊन धावण्याची गरज राहत नाही. आपल्या आवारात मारले जाणारे पुष्कळसे साप बिनविषारीच असतात. पालींच्या मागे भिंत चढणारा कवड्या मण्यार समजून ठेचला जातो, आणि धामण तर केवळ लांबीपायी जीव गमावते. घुशींचा बंदोबस्त फुकटात करणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? शिवाय साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे ठराव लिहिणाऱ्या सेक्रेटरींना माहीत असलेलं बरं.

डासांच्या बाबतीत तर फिर्यादी आणि आरोपी यांची सरळ अदलाबदलच झाली आहे. ‘झाडी वाढली, डेंगू आला’ हे समीकरण इतकं घट्ट बसलं आहे की पावसाळा लागला की आधी करवत निघते. डेंगू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. म्हणजे कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचे जुने टायर, बंद पडलेला कूलर, उघडी टाकी, आणि दिवाणखान्यातली मनीप्लँटची बाटली. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटून राहतात, महिनोन्‌महिने कोरडी पडली तरी मरत नाहीत आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून भांडं नुसतं पालथं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. उथळ मातीची परात, रोज पाणी बदल, नारळाच्या काथ्याने घासणं. ज्याला हे जमणार नाही त्याने पाणी ठेवूच नये, पक्षी दुसरीकडे शोधतील.

आणि तो धूर! डिझेलमध्ये कालवलेल्या औषधाचा पांढरा लोट इमारतींमधून फिरला की रहिवाशांना वाटतं, आता काहीतरी झालं. त्या धुराने त्या घटकेला उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्या जिवंत राहतात आणि आठवड्याभरात पुढची पिढी हवेत येते. मरतात ते चतुर, टाचण्या, मधमाश्या, कोळी. यातल्या चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्याच अळ्या खातात आणि मोठेपणी तो उडते डास पकडतो, म्हणजे आपण आपलेच शिपाई गारद करत असतो. साथ भडकलेली असताना धुराची फवारणी हा तातडीचा उपाय म्हणून समजण्यासारखा आहे. दर शनिवारचा विधी म्हणून तो निरर्थक आहे आणि छातीलाही वाईट.

आता घाणीचा मुद्दा. माझ्या मते खरं भांडण इथेच आहे. साप आणि डास ही सबबच म्हणायची, मनात खुपतं ते पसाऱ्यासारखं दिसणारं काहीही. पान पडलं की ते कचरा, ही समजूत आपल्याकडे कशी रुजली कोण जाणे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या कामातून पाचोळ्यातून माती घडवून गच्चीवर भाजी पिकवण्याची वाट किती आधी दाखवून ठेवली होती! शेकडो मराठी घरांत ती रुजलीही. त्यांचीच पुढची पिढी आज ब्लोअर लावून पानं गोळा करते, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून टेम्पोने पाठवते आणि मग त्याच झाडांसाठी पोत्याने खत विकत घेते. काही ठिकाणी तर पानं कोपऱ्यात सरळ पेटवून देतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि ५ हजार रुपयांपासून दंड ठरवला. स्वच्छतेच्या नावाखाली चाललेला हा कायदेभंग कोणाला खटकत नाही.

जिथे पाचोळा शिल्लक आहे तिथे सकाळी थोडा वेळ बसून पाहावं. सातभाईंचं टोळकं कलकलाट करत उतरतं. एकेक जण पान चोचीत धरून बाजूला फेकतो, मान वाकडी करून खाली काय हललं ते पाहतो, कधी पैसा, कधी झुरळाचं पिल्लू, कधी कोळी उचलतो, की पुढचं पान. एक जण उंचावर बसून राखण करतो. अर्ध्या तासात वाफ्याची उलथापालथ होते आणि पानं पायवाटेवरही येतात. झाडणारीला ती पुन्हा आत लोटावी लागतात, ही तक्रार रास्त आहे. पण बोगनवेलीखाली रासायनिक पावडर भुरभुरून जे काम महिन्याला पैसे मोजून करून घेतलं जातं, ते यांनी फुकटात केलेलं असतं.

तणाचं तर विचारूच नका. दूर्वा, आघाडा, माका, डोरली, रुई हे सगळं आपण वर्षभर खुरप्याने, नाहीतर तणनाशकाने समूळ उपटतो. भाद्रपद आला की हीच पत्री मंडईत जुडीच्या भावाने घेतो आणि ‘हल्ली आघाडा मिळत नाही हो’ म्हणून हळहळतो. देवाला चालणारी वनस्पती सोसायटीच्या समितीला चालत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात रुईचं एक झुडूप राहू दिलं, तर प्लेन टायगर हे तांबूस-केशरी फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं. रुईच्या चिकातलं विष त्याची अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. चीक डोळ्यांत गेला तर वाईट, म्हणून झुडूप मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावं.

अळीविषयीचा आपला तिटकारा हे या सगळ्या वादाचं मूळ आहे, म्हणून एका अळीकडे जवळून पाहू या. घरोघरच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लाइम बटरफ्लायची मादी कोवळ्या पानावर एकेक पिवळट अंडं ठेवून जाते. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग, म्हणजे खाणाऱ्याने नाक मुरडून पुढे जावं. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तरीही कोणी डिवचलंच, तर मानेतून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि आंबूस उग्र दर्प सोडते. दोनेक आठवड्यांत ती पाच-सात डहाळ्या उघड्या करते, मग कुठेतरी काडीला धाग्याने स्वतःला बांधून घेऊन कोष करते. कढीपत्ता मरत नाही, महिन्याभरात पुन्हा फुटतो. फोडणीला पानं हवीत तर दोन कुंड्या ठेवाव्यात. पण बहुतेक घरांत काय होतं? अळी दिसली की किंचाळी, मग फवारा, आणि पुढच्या रविवारी ‘बटरफ्लाय गार्डन’साठी रोपवाटिकेतून परदेशी फुलझाडांची खरेदी. फुलझाडावर फुलपाखरू मध प्यायला येतं, तेही आलं तर. वाढतं ते अळीच्या झाडावर. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला, म्हणजे नीलवंताला, राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबू-पपनसाच्याच कुळातली पानं खाते. फवारा मारताना राज्य फुलपाखरू वेगळं काढता येत नाही.

जळमटांचंही तसंच. शिंजीर बाल्कनीतल्या वेलीला नाहीतर तारेला आपलं लोंबतं घरटं बांधतो ते कोळ्याच्या जाळ्याने सांधून. शिंप्याची पानं टाचायला लागणारा धागाही कापूस आणि कोळिष्टकांतूनच येतो. घरातली जळमटं काढावीतच. गॅलरीबाहेरच्या झाडांवरची कोळिष्टकं लांब झाडूने काढायला माणूस लावणं म्हणजे मात्र हद्द आहे. वठलेल्या फांदीचं हेच. तांबट आपलं बीळ कोरतो ते शेवगा, पांगारा अशा झाडांच्या वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत. गाड्यांवर किंवा रस्त्यावर पडेल अशी फांदी तोडलीच पाहिजे, त्यात वाद नाही, आणि त्यासाठी रीतसर परवानगीही काढावी. आतल्या बाजूला, कोणाच्या डोक्यावर न येणारी हातभर फांदी केवळ डोळ्यांना बरी दिसत नाही म्हणून कापणाऱ्यांनी सकाळची ‘टुक टुक’ ऐकू येत नाही अशी खंत करू नये.

मघाशी ज्वारीचा उल्लेख आला, त्यावर जरा थांबायला हवं, कारण बागेच्या बाजूने बोलणाऱ्यांतही गोंधळ घालणारे आहेत. कबुतरांना पोत्याने दाणे घालणं म्हणजे वन्यजीवांवर प्रेम नव्हे. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. त्या वादात दोन्ही बाजूंनी आवाज चढले. पण कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात जुनी आहे. फुकटच्या दाण्यावर कबुतरं बेसुमार वाढतात, घुशी वाढतात, आणि इतर पक्ष्यांना जागा उरत नाही. भटक्या मांजरांना बागेत जेवण घालणाऱ्यांचंही असंच. पोटभर जेवलेलं मांजरसुद्धा घरट्याबाहेर पडलेलं बुलबुलाचं पिल्लू सोडत नाही. बाग पक्ष्यांसाठी ठेवायची तर झाडं आणि पाणी पुरे, दाण्यांचं अन्नछत्र नको.

‘फक्त देशी झाडं’ असा सोवळेपणा पाळणाऱ्यांशीही माझं पूर्ण जमत नाही. पेरू आणि पपई दोन्ही अमेरिका खंडातली, म्हणून बुलबुल आणि पोपट त्यांच्यावर बहिष्कार घालत नाहीत. झाडावर काय जगतं ते पाहावं, त्याचा दाखला नंतर बघू. त्या कसोटीवर बिल्डरांनी लावलेल्या बागा साफ नापास होतात. फॉक्सटेल पाम, कातरलेला ड्युरांटा, मेक्सिकन लॉन. त्या हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी पाजायचं, टँकर मागवून. आणि कोनोकार्पसची हिरवी भिंत, जिच्यावर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ती अजून ‘लवकर वाढते’ या एकाच गुणावर खपते. तिच्या जागी करवंद, अडुळसा, मेंदी, कोरांटी, निर्गुडी यांचं कुंपण लावता येतं. लवकर वाढत नाही, एवढाच काय तो दोष.

राहता राहिलं ते ‘एवढ्याशा जागेने काय होणार’ हे हताश वाक्य. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळे गावात राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या घरच्या जमिनीवर फुलपाखरांना लागणारी झाडं लावली. जेमतेम दोन एकरांची जागा. तिथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं नोंदली गेली आहेत. इंग्लंडमध्ये लेस्टर शहराच्या उपनगरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून तीस वर्षं आपल्या घरच्या पाव एकराहूनही लहान बागेतल्या जीवांची नोंद ठेवली. एकूण २६७३ जाती निघाल्या, त्यांत जवळजवळ दोन हजार कीटकांच्या. ती बाग काही रान नव्हती. तिच्यात फुलांचे ताटवे होते, भाजी होती, हिरवळही होती. बाई एवढंच करत, की विषारी औषधं मारत नसत. थंड इंग्लंडमधल्या बागेत हे घडतं, तर सह्याद्रीच्या कुशीतल्या पुण्या-नाशकात किंवा कोकणातल्या परसात काय घडू शकेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

अर्थात सोसायटीची बाग एकट्याची नसते. शंभर कुटुंबांची शंभर मतं, त्यांत म्हातारी माणसं, दमेकरी, रांगणारी मुलं. सगळी बाग मोकाट सोडा, असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्याही विरुद्ध मत देईन. माझं म्हणणं मोजकं आहे. कुंपणालगतची एक पट्टी वर्षभर फवारणी न करता ठेवा, तिच्यातला पाचोळा तिच्यातच राहू द्या, फवारणीच्या कंत्राटातून ‘दर महिन्याला’ हे शब्द काढून ‘गरज पडल्यास, समितीने पाहणी केल्यावर’ असे घाला, आणि वाचलेल्या पैशांतून आधी कचऱ्याच्या डब्यांना झाकणं बसवा. वर्षाअखेर साप किती दिसले, डेंगूचे रुग्ण किती झाले, याची नोंद सूचनाफलकावर लावा. विरोधकांची भीती खरी ठरली तर पट्टी बंद करा. पण आधी मोजा, मग बोला.

स्वतःच्या बाल्कनीसाठी तर कोणाच्या ठरावाची वाट पाहायचं कारण नाही. या पावसाळ्यात कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसली, तर औषधवाल्याला फोन करू नका. फोडणीची पानं दुसऱ्या कुंडीतून घ्या.